जेल, ओआरएस आणि लोहाची गोळी: धावपटूंचे तीन प्रश्न

प्रश्न: मुंबई मॅरेथॉन साडेचार तासांत पूर्ण करायची आहे. परवा ३२ किलोमीटरच्या लाँग रनला २० किलोमीटरपर्यंत काहीच घेतलं नाही. मग पाय जड झाले म्हणून लागोपाठ दोन एनर्जी जेल (धावताना घ्यायच्या घट्ट, गोड पाकाच्या पुड्या) आणि वर स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं. थोड्याच वेळात मळमळ आणि पोटात कळा सुरू झाल्या. मला जेल सोसत नाही का?
– वाचक, सातारा

उत्तर: जेलला दोष देऊ नका. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. दोन जेलवर गोड पेय ओतलं की पोटात अक्षरशः पाक तयार होतो. तो पातळ करायला आतडी शरीरातलंच पाणी ओढून घेतात, आणि धावताना रक्त पायांकडे वळल्यामुळे पचन आधीच मंदावलेलं असतं. जेलवर साधं पाणीच प्या, १५० ते २०० मिली.

तुमच्या वेगाला तासाला ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पुरतील. पहिलं जेल तिसाव्या मिनिटाला, भूक नसली तरी. पुढे दर अर्ध्या तासाला एक. म्हणजे कमरपट्ट्यात आठ जेल हवीत. इतकी नको असतील तर निम्मा भार घरच्या पेयावर टाका: एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर (काट्यावर मोजून), पाव छोटा चमचा मीठ, अर्धं लिंबू. अर्ध्या लिटरमधून ३० ग्रॅम मिळतात. ज्या अर्ध्या तासात हे पेय, त्यात जेल नाही.

तासाला ९० ग्रॅमचे आकडे ऐकून भुलू नका. नुसतं ग्लुकोज आतडी तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषतात. त्यापुढे फ्रुक्टोजची (फळांतल्या साखरेची) जोड लागते आणि पोटाला सवयही. सहा-आठ आठवडे रविवारच्या दर लाँग रनला तासाला एका जेलपासून वाढवत न्या. शर्यतीत पेडर रोडची चढण येते तेव्हा पोट साथ देतं की नाही, हे या रविवारांवर ठरतं.

प्रश्न: चार तासांच्या सरावात वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन ग्लास पाणी प्यायलो. शेवटी डोकं दुखलं, अंगठी बोटात रुतली, वजनही एक किलो वाढलं. ओआरएस कमी पडलं का?
– वाचक, ठाणे

उत्तर: नाही, पाणी जास्त झालं. धावून वजन वाढणं ही धोक्याची खूण आहे: रक्तातलं सोडियम पातळ होतं. सोबत उलट्या किंवा बरळणं सुरू झालं तर थेट रुग्णालय गाठा, किती पाणी प्यायलात ते सांगा आणि सलाइन लावण्याआधी सोडियम तपासायला सांगा.

आपला घाम मोजा. शर्यतीच्या वेगाने तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ६२ किलोचे ६१.३ झाले आणि मध्ये ४०० मिली प्यायलात, तर घाम १.१ लिटर. पिणं या आकड्याच्या खालीच राहू द्या. आणि एक लिटरचं ओआरएस पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. ही चूक सर्रास होते आणि मळमळ होते.

प्रश्न: शाकाहारी आहे, लवकर थकते. लोहाची गोळी सुरू करू का?
– वाचक, पुणे

उत्तर: आधी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा, हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. साठा भरलेला असताना गोळ्या घेणं अपायकारक, म्हणून मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या. गोळी सकाळी घ्या, लिंबूपाण्यासोबत. दमदार व्यायामानंतर काही तास लोहाचं शोषण घटतं, म्हणून संध्याकाळच्या स्पीडवर्कनंतर (वेगाच्या सरावानंतर) नको. चहा तासभर लांब ठेवा.