घास केवढा, हे कोण ठरवते?

फोंडा, गोवा

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

फास्ट फूडच्या एका मोठ्या साखळीच्या मुंबईतील कार्यालयात, उत्पादन विकास विभागात तुझी निवड झाल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. लोकांच्या वाढत्या लठ्ठपणाला हा उद्योग खरोखर जबाबदार आहे का, असे तू विचारले आहेस आणि पुढच्याच ओळीत, कंपनी कोणाच्या तोंडात बळेच घास कोंबत नाही, असे उत्तरही देऊन टाकले आहेस. या उत्तरापाशी तू थांबू नयेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घास कोंबला जात नाही, हे खरेच आहे. परंतु तो घास केवढा असावा, त्यात मीठ, साखर आणि तेल किती असावे, तो किती रुपयांना आणि कशाच्या जोडीने विकावा, त्याची जाहिरात कोणाच्या डोळ्यांसमोर धरावी, हे सारे कुठल्यातरी बैठकीत ठरते, आणि आता त्या बैठकीत तूही असणार आहेस. ज्याच्या हाती जेवढे ठरवण्याचा अधिकार, त्याच्याकडे तेवढी जबाबदारी, असे मी मानते.

तरीही या उद्योगावर सगळेच खापर फोडू नकोस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३६ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या, तर संपूर्ण देशात हे प्रमाण २४ टक्के होते. मात्र २०१५-१६ च्या फेरीतही गोव्याचा आकडा एक तृतीयांशाच्या आसपासच होता. आपल्याकडे दुकानापर्यंत जायचे झाले तरी स्कूटर काढली जाते, घरोघरी तेलाचा हात सैल झाला आहे, झोप कमी झाली आहे, आणि संध्याकाळी गाड्यावर रस-आमलेट किंवा भजी खाऊन घरी पुन्हा पूर्ण जेवण होते. हे सगळे बर्गर-पिझ्झाच्या माथी मारणारा माणूस पहिल्याच प्रतिवादात हरतो. म्हणून उद्योगाचा वाटा नेमका कुठे सुरू होतो, हे तुला दाखवता आले पाहिजे.

न्यायालयातही हा प्रश्न असाच अडला होता. २००२ साली न्यूयॉर्कमधील काही किशोरवयीन मुलांच्या वतीने मॅकडोनल्ड्सविरुद्ध दावा दाखल झाला. जास्त खाल्ल्याने वजन वाढते हे सर्वांना ठाऊक असते आणि माणसाला त्याच्याच अतिरेकापासून वाचवणे हे कायद्याचे काम नाही, या भूमिकेतून न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी २००३ मध्ये तो फेटाळला. तुझे उत्तर म्हणजे हीच भूमिका आहे. परंतु त्याच निकालात त्यांनी चिकन मॅकनगेट्सचे उदाहरण घेऊन एक दार उघडे ठेवले. एखादा पदार्थ प्रक्रियेने इतका बदललेला असेल की त्यात काय आहे याची सामान्य ग्राहकाला कल्पनाच येऊ नये, तर ‘हे सर्वांना ठाऊक असते’ हा बचाव तिथे टिकेलच असे नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा मुद्दा पुन्हा विचारार्थ पाठवला, आणि २०१० मध्ये सर्वांच्या वतीने एकत्रित खटला चालवण्याची परवानगी नाकारली गेली. कायद्याच्या दृष्टीने कंपनी सुटली. तुझ्यासारख्या अन्नतंत्रज्ञानाच्या पदवीधराला मात्र त्या उघड्या दाराचा विचार करावाच लागेल, कारण त्या पदार्थात काय आहे, हे माहीत असलेला माणूस तूच असणार आहेस.

आता ‘केवढा’ या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी जबाबदारी तिथे आहे. शिकागोतील चित्रपटगृहांच्या एका साखळीत काम करणाऱ्या डेव्हिड वॉलरस्टीन यांच्या लक्षात आले होते की, पॉपकॉर्नचे एक पाकीट संपल्यावर दुसरे घ्यायला लोक संकोचतात, कारण आपण हावरट दिसू अशी त्यांना भीती वाटते. तेच पाकीट आकाराने मोठे केले तर मात्र ते निःसंकोच विकत घेतात आणि संपवतातही. पुढे मॅकडोनल्ड्सच्या संचालक मंडळावर आल्यावर त्यांनी बटाट्याच्या फ्राइजचे मोठे पाकीट आणण्याचा आग्रह धरला, आणि कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांचा सुरुवातीचा विरोध मावळला. माणसाचा संकोच हा त्याच्या भुकेवरचा एक जुना पहारा होता. तो कुठे ढिला पडतो हे निरीक्षणाने शोधून त्यावर विक्री उभी केली गेली. यात फसवणूक नाही, पण योजना नक्कीच आहे. आणि जे योजून केले, त्याची जबाबदारी कोणाचीच नाही असे कसे म्हणता येईल?

पणजीत अशा एखाद्या दुकानात संध्याकाळी कॉलेज सुटण्याच्या वेळी अर्धा तास उभा राहा. मी अलीकडेच राहिले होते. खांद्यावर दप्तर असलेला एक मुलगा मागणी नोंदवण्याच्या पडद्यावर बोट ठेवून एकच बर्गर निवडतो. पडदा त्याला फ्राइज आणि पेय जोडण्याविषयी विचारतो, मग थोड्या पैशांत सगळे मोठ्या आकारात हवे का असे विचारतो, आणि शेवटी पैसे देण्याच्या पानावर गोड पदार्थाचे चित्र येते. प्रत्येक वेळी ‘हवे’चे बटण मोठे आणि रंगीत, तर ‘नको’ कोपऱ्यात फिकट अक्षरांत. मुलाने मोठा कॉम्बो घेतला, कारण नुसता बर्गर घेण्यापेक्षा तो त्याला स्वस्त वाटला. कॅलरींचा आकडा पाटीवर होता, परंतु तो वाचायला मला चष्मा पुसावा लागला. कोलासारख्या पेयाच्या अर्ध्या लिटरमध्ये पन्नास ग्रॅमहून अधिक साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दोन हजार कॅलरींच्या आहारात सांगितलेली दिवसभराची कमाल मर्यादा जवळपास तेवढीच आहे. त्या मुलाने तीन वेळा स्वतः ‘हवे’ म्हटले हे मी नाकारत नाही. तीन वेळा विचारायचे कोणी ठरवले, एवढेच तुला विचारते.

पदार्थाच्या घडणीविषयीही आता पुरावा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात बरेच बदल करून बनवलेले, आणि दोन आठवडे साधे अन्न दिले, दोन्ही वेळच्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, चरबी आणि तंतू यांचे प्रमाण जुळवले, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा ठेवली. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खाल्ल्या आणि ते खाल्लेही भराभर. प्रयोग लहान होता, आणि अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणजे केवळ फास्ट फूड नव्हे. तरीही मऊ, चावावे न लागणारे, पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच संपणारे अन्न बनवणे हे तुझ्या विभागाचे रोजचे काम असेल, म्हणून हॉल यांचा हा शोधनिबंध मुळातून वाच.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. प्रौढ माणसाच्या निवडीचा युक्तिवाद सात वर्षांच्या मुलाला लावता येत नाही, आणि जेवणाबरोबर खेळणे देऊन त्या वयाला हाक मारणे मला अयोग्य वाटते. सॅन फ्रान्सिस्कोने पोषणाचे निकष न पाळणाऱ्या जेवणाबरोबर फुकट खेळणे देण्यास मनाई केली, तेव्हा २०११ मध्ये मॅकडोनल्ड्सने खेळण्याचे दहा सेंट वेगळे लावून त्या मनाईला बगल दिली. चिलीने २०१६ पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे आणले आणि असा इशारा असलेल्या अन्नाची मुलांना उद्देशून जाहिरातही थांबवली. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत चरबी, मीठ आणि साखर अधिक असलेले पदार्थ विकता येत नाहीत. पण मोबाइलवरची जाहिरात थेट मुलाच्या अंथरुणापर्यंत पोहोचते, तिला पन्नास मीटरांनी काय होणार?

गोव्यात कायद्याचा हात कोणावर चटकन पडतो, हेही पाहून ठेव. वास्कोच्या दामोदर सप्ताहात २०२२ मध्ये आणि म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर निर्बंध आले. कारण कृत्रिम रंग आणि अस्वच्छता हे होते, आणि ते गैर होते असे मी म्हणणार नाही. परंतु गाडेवाल्याला रातोरात हटवता येते, तर वातानुकूलित दुकानाच्या पाटीवरचा आकडा मोठ्या अक्षरांत यायला वर्षे का लागतात, हा प्रश्न मला सतावतो. गाडेवाल्याकडे वकील नसतो, आणि संशोधनाला देण्यासाठी पैसाही नसतो. कोका-कोलाकडे होता. तिच्या पैशावर उभे राहिलेले आणि लठ्ठपणाच्या चर्चेत आहारापेक्षा व्यायामावर भर देणारे तज्ज्ञांचे एक जाळे २०१५ मध्ये उघडकीस आले आणि त्याच वर्षी गुंडाळले गेले. ‘चाला, पळा, हालचाल करा’ हा सल्ला उत्तम आहे. तो कोणाच्या पैशाने दिला जातो, तेवढे पाहत जा.

तू नोकरी नाकारावीस, असे मी सुचवत नाही. पाककृती बदलल्याने फरक पडतो, हे सिद्ध झालेले आहे. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरला पाच ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या पेयांवर कर लावला, तेव्हा अनेक कंपन्यांनी तो लागू होण्याआधीच साखर पाचच्या खाली आणली. आपल्या देशात तेला-तुपातील ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला घातक चरबीची, मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आली, आणि ती पाळणारे तुझ्यासारखेच तंत्रज्ञ होते. मात्र या दोन्ही ठिकाणी नियम सर्वांना सारखा लागू होता, म्हणून कोणाचा धंदा शेजाऱ्याकडे गेला नाही. उद्योगाने आपणहून सुधारावे, यावर माझा फारसा विश्वास नाही. ‘पौष्टिक’ म्हणून आणलेले एखादे सॅलड पाटीवर झळकते, आणि मोठा कॉम्बो जिथल्या तिथे राहतो.

रुजू होण्याआधी विभागप्रमुखांना विचार की नवा पदार्थ संमत होताना मीठ, साखर आणि चरबीची वरची मर्यादा कोण ठरवतो आणि ती कुठे लिहून ठेवलेली असते का. लहान आकाराचा पर्याय पडद्यावर आधी दाखवून विक्रीचा प्रयोग कधी केला आहे का. आणि अन्न प्राधिकरण नियमांचे मसुदे हरकतींसाठी प्रसिद्ध करते, तेव्हा आपली कंपनी काय लिहून पाठवते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत नीट ऐक. मर्यादा लेखी नसेल, तर ती लिहिण्याचे काम पहिल्या सहा महिन्यांत स्वतःकडे मागून घे. प्रश्न विचारल्याबद्दलच तुला गप्प बसवले गेले, तर तुझ्या पदवीला मागणी असलेल्या दुसऱ्या जागा आहेत, आणि शिफारसपत्र मी आनंदाने लिहून देईन.

काय उत्तरे मिळाली ती कळव. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी शिक्षिका