मुलगा गेल्यापासून त्रिपदी म्हणवत नाही. देवाची स्तुती करायची तरी कशी?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाला जाऊन सात महिने झाले, घरात रोज संध्याकाळी करुणात्रिपदी, म्हणजे टेंबे स्वामींनी दत्तापुढे मांडलेली तीन पदं, चालते आणि दुसऱ्या पदात तुमचा घसा दाटतो. 'देवाची इच्छा' म्हणणाऱ्यांचा राग येतो तो वेगळाच. येऊ द्या. त्या वाक्याला मान डोलावल्याशिवायही त्रिपदी म्हणता येते.

दत्तभक्त संत नाना महाराज तराणेकरांमुळे आपल्या इंदूरच्या मराठी घरांत ही त्रिपदी इतकी तोंडात बसली आहे की अर्थाकडे लक्षच जात नाही. दुसरं पद एकदा नुसतं वाचून बघा. टेंबे स्वामी तिथे दत्ताला मन निष्ठुर करू नकोस म्हणतात आणि गुरुचरित्रातले जुने दाखले एकेक करून त्याच्यापुढे मांडतात. चोरांनी ब्राह्मणाला मारलं तेव्हा कळवळलास, पोटशुळाने एक जण तडफडत होता तेव्हा कळवळलास, ब्राह्मणाचा मुलगा मेला तेव्हा तुझं मन वळलं, मग आता का वळत नाही? तुम्ही अडता ते बहुधा इथेच. गुरुचरित्रातल्या त्या बाईचा मुलगा उठला, तुमचा उठला नाही. पण त्या ओळीतला 'आता' ज्याचं काहीच वळलेलं नाही त्याच्याच तोंडी शोभतो. स्तुतीत तक्रार चालते का, हा प्रश्न स्वामींना पडलेला दिसत नाही. त्यांनी ती सरळ चालीत बसवून टाकली.

मला काळजी वाटते ती पहिल्या पदाची. अपराधाबद्दल तू दंड केलास तरी आम्ही तुझेच गुण गाऊ, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. मूल गमावलेली आई ती वाचते आणि 'म्हणजे माझ्याच चुकीने गेला' असा हिशेब मांडून बसते. मुळात शब्द 'जरी' आहे. तो निवाडा नाही. आणि लगेच पुढे विचारलंय की तूच मारलंस तर धावा कुणाचा करू? ती ओळ झेपत नसेल तर महिनाभर पहिलं पद सोडून द्या, फक्त दुसरं म्हणा. काही बिघडत नाही.

आता म्हणायचं कसं. रडून घसा आवळलेला असला की आधी वरचे सूर फुटतात, म्हणून पट्टी उतरवा. पेटीच्या काळी चारवर म्हणत असाल तर काळी तीन किंवा पांढरी चार घ्या. झांज बाजूला ठेवा. झांजेने लय आपोआप चढते आणि श्वास पुरत नाही. ध्रुवपद घरातल्यांनी म्हणायचं, कडवी तुम्ही. अडलात की त्यांनी ध्रुवपदावर यायचं, थांबून तुमच्याकडे बघत बसायचं नाही. एकट्या असाल तर चाल सोडा, बोलल्यासारखं म्हणा.

मुलाचा फोटो देवघरात ठेवला असेल तर तिथून हलवा. आपल्याकडे गेलेल्यांचा फोटो देवघरात ठेवत नाहीत ते उगाच नाही, रोज हात जोडताना जखम उघडते. दुसऱ्या भिंतीवर लावा, हार तिथे घाला. सुतक दहा दिवसांचं, ते कधीच फिटलं. वर्षभर सण करत नाहीत, पण रोजचा दिवा आणि त्रिपदी त्यात येत नाहीत.

आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण सुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरकडे जा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही आहे. हे देवाला सोडून जाणं नव्हे.

आवाजच फुटत नाही अशा दिवशी त्रिपदीऐवजी हाताने पूजा करा. अहिल्याबाई होळकरांचे पती १७५४ मध्ये कुंभेरीला पडले, सासरे १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव १७६७ मध्ये. त्यांच्या महेश्वरच्या वाड्यात मातीची शिवलिंगं करून पुजायची आणि नर्मदेत सोडायची रीत अजून चालू आहे. घरी मूठभर माती पुरे. चाळून, कणकेपेक्षा जरा घट्ट मळून अंगठ्याएवढं लिंग करा. आपली माळव्याची काळी माती वाळताना तडकते, पण हे त्याच दिवशी विसर्जन करायचं असतं, तेव्हा चिंता नको. वरून पाण्याची धार धरलीत तर लिंग ढासळेल, फुलाने पाणी शिंपडा. आठ कामं, आठ नावं: माती घेताना हर, घडवताना महेश्वर, प्रतिष्ठेला शंभू, आवाहनाला शूलपाणी, स्नानाला पिनाकधृक्, पूजेला शिव, क्षमा मागताना पशुपती, विसर्जनाला महादेव. सातव्या नावाशी घाई होते, तिथे जरा थांबा. मनात असेल ते सगळं, रागसुद्धा, तिथेच बोलून घ्या. मग लिंग बादलीत विरघळवा आणि ते पाणी एखाद्या फुलझाडाच्या कुंडीत ओता.