घरामागचा उतार, दुखरा गुडघा आणि रानमोडी

प्रश्न : ताई, आमचं घर रत्नागिरीजवळच्या गावात आहे आणि घराच्या मागे लगेच डोंगर चढतो. त्यातला साधारण 40 फूट रुंद नि 15 फूट उंच उतार आमच्या हद्दीत येतो, वर सपाटीला दोन हापूस आणि एक फणस. माझं वय 68, दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उकिडवं बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. ह्यांना चक्कर येते म्हणून ते वर चढत नाहीत, मुलगा पुण्याला. पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, रानमोडी असं डोक्याएवढं रान माजतं, गेल्या वर्षी मागच्या दाराशी फुरसं निघालं. वर जायच्या पायऱ्यांमधला एक चिराही निसटलाय. शेजारी म्हणतात तणनाशक मारून मोकळ्या व्हा. मारू का?

उत्तर : काकू, आधी तेच सांगते, मारू नका. दुकानात सगळ्यात जास्त ज्याचं नाव घेतात ते ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असा नियम केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये केला, पण नियम बाजूला ठेवला तरी उतारावर त्याचा धोका वेगळाच आहे. तण मेलं की खालची माती उघडी पडते आणि आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माझ्या आईच्या घरामागे असाच उतार आहे, एका मे महिन्यात आम्ही भावंडांनी कुदळीने मुळासकट सगळं खणून साफ केलं, लालभडक माती दिसायला लागली, फार बरं वाटलं. जुलैत एका रात्री तीच माती खाली येऊन न्हाणीच्या दाराला टेकली, सकाळी दार उघडेना, दोन दिवस घमेल्याने उपसत होतो आणि आईने लावलेली सगळी अबोली त्यात गाडली गेली. म्हणून उतार मोकळा करायचा हे डोक्यातून काढा, उतार भरायचा आहे, आपल्याला हव्या त्या झाडांनी.

तुम्ही स्वतः काम करायचं ते फक्त खालच्या अंगणातून. खुर्ची सपाटीला टेकवून बसलात आणि चार-पाच फुटी बांबूला विळा पक्का बांधून घेतलात की उताराचा खालचा पट्टा आरामात हाताखाली येतो. तेवढाच तुमचा. पाऊस पडून गेल्यावर माती ओली असते तेव्हा बसा, कोवळं रोप एका ओढीत येतं, सुक्या मातीत तेच काम गुडघा आणि कंबर दोन्ही खातं. हातात जाड मोजे घाला आणि आधी काठी आपटा, फुरसं पाचोळ्यात बसलेलं अजिबात दिसत नाही. दारापासून पाच-सहा फूट तरी दगडांचा, लाकडांचा, नारळाच्या सोडणांचा ढीग ठेवू नका.

वरच्या भागाला गडी लावा, वर्षातून तीनदा अर्धा-अर्धा दिवस, पण वेळ तुम्ही ठरवा, तो म्हणेल तेव्हा नाही. आपल्याकडे बेणणी बहुतेक जण दिवाळीनंतर करतात, तोवर टाकळ्याच्या शेंगा तडकून बी पडलेलं असतं, ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि पुढच्या जूनला परत तेच. टाकळा फुलावर यायच्या आत, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला कापायचा (त्याआधी कोवळा पाला भाजीला खुडलात तर तेवढाच कमी). कुर्डूचे तुरे दिसायला लागले की सप्टेंबरात दुसरी कापणी. रानमोडीला थंडीत फुलं येतात आणि नंतर तिचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, म्हणून नोव्हेंबरात कळ्या दिसल्या की तिसरी. गड्याला सांगून ठेवा की उतारावर खणायचं नाही, जमिनीलगत कापायचं आणि कापलेलं तिथेच आडवं टाकायचं. रानमोडी बुंध्यातून परत फुटते हे खरं, पण फुटवा आला की परत कापत राहिलं तर दोन-तीन वर्षांत दमते. उपटायची ती फक्त तिची बारीक रोपं.

आता भरायचं कशाने, तर माझं मन वाळ्यावर, म्हणजे खस गवतावर आहे. मुळं बाजूला न पसरता सरळ खाली जातात, मोकळी माती मिळाली तर 3 मीटरपर्यंत, आणि दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा बी धरत नाही त्यामुळे तोच तण होऊन बसत नाही. जूनमध्ये दोन पाऊस चांगले पडले की दोन-तीन फुटव्यांचा एकेक ठोंब अर्ध्या-पाऊण वितीवर, उताराला आडव्या ओळीत लावून घ्या. दोन ओळींमध्ये उभ्या मापाने माणसाच्या उंचीएवढं अंतर ठेवलं तर तुमच्याकडे दोन ओळी बसतील, फार तर तीन. ओळ नजरेने आखू नका, गवंड्याकडे पाणी भरलेली लेव्हलची नळी असते ती लावून आखा, कारण ओळ एका बाजूला कलली तर सगळं पाणी तिकडे धावतं आणि तिथेच घळ पडते. ओळींच्या मध्ये रताळ्याचे वेल सोडा, जमीन लवकर झाकतात. खालच्या पट्ट्यात गवती चहा लावा, खुर्चीतून हात पोचेल असा, चहालाही होईल. नर्सरीत पिवळ्या फुलांची वेडेलिया स्वस्तात देतात, झाकते छान पण नंतर ती आवरत नाही, मी तरी कुणाला लावू देत नाही. काळं प्लॅस्टिकही नको, त्याच्यावरून पाणी नुसतं घसरत खाली येतं.

पहिल्या पावसाळ्यात वाळा तणाखाली दिसणारसुद्धा नाही, तेव्हा लावतानाच प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना रंगवलेली खुंटी ठोकून ठेवा, नाहीतर ऑगस्टच्या कापणीत गडी वाळाही गवत समजून बुंध्यातून छाटेल, आमच्याकडे अख्खी ओळ अशीच गेली होती.

आणि तो निसटलेला चिरा मात्र पाऊस सुरू व्हायच्या आत सिमेंटमध्ये बसवून घ्या, बाजूला धरायला पाइपही लावा. वाळा एक वर्ष उशिरा लावला तरी चालेल काकू, चिऱ्याचं काम पुढे ढकलू नका.