जाहिरात विभागात, पण कोणत्या टेबलावर?

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली आहे. एका दैनिकाच्या जाहिरात विभागातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलंय. दारोदार फिरून जाहिराती गोळा करायचं काम असेल, तर पाठवावं का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. फिरणं असतं, पण सगळ्यांना सारखं नसतं. म्हणून आधी एवढंच विचारा, की तिला कोणत्या टेबलावर घेत आहेत?

दुकानदार, शिकवण्या, बिल्डर असे थेट जाहिरातदार एक टीम सांभाळते. तिथे भाग वाटून दिलेले असतात किंवा शिक्षण, वाहनं, घरबांधणी असे व्यवसाय. मोठ्या ब्रँडच्या जाहिराती बहुतेक एजन्सीमार्फत येतात; एजन्सीचं कमिशन परंपरेने 15 टक्के. त्या टेबलावर घासाघीस करावी लागते ती एजन्सीच्या प्लॅनरशी (जाहिरात कुठे द्यायची हे ठरवणाऱ्याशी), आणि तो खपाचे, वाचकांचे आकडे मागतो. छोट्या जाहिरातींचा कारभार वेगळा, बराचसा फोनवर आणि काउंटरवर चालणारा. नोकरी, घर, गाडीच्या जाहिराती वेबसाइटवर गेल्याने हाच कोपरा सर्वांत आक्रसलाय. मी मुलीला तिथून सुरुवात करू देणार नाही.

बाहेरच्यांना न दिसणारं टेबल म्हणजे शेड्युलिंग. रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याची लेखी मागणी, आली की कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर, किती कॉलम सेंटीमीटर हे तिथे ठरतं. पानाच्या डमीवर, म्हणजे कच्च्या आराखड्यावर, जाहिराती आधी बसतात, उरलेली जागा संपादकीय विभागाकडे जाते. पहिल्या पानाची एकच जागा दोघांना विकली गेली, तर तिढा इथेच सुटतो. थोडे दिवस तरी तिला इथे बसायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं. रेट कार्डावर अमुक जागा महाग का, हे इथे उमगतं.

आणि वसुली! जाहिराती बऱ्याचदा उधारीवर छापल्या जातात. बिल अकाउंट्स विभाग काढतो, पण पैशांसाठी फोन करायचा तो जाहिरात आणणाऱ्यानेच, अशी अनेक ठिकाणी रीत आहे. तेव्हा इन्सेंटिव्ह बुकिंगवर मिळतो की वसूल रकमेवर, हे लेखी विचारून घ्या. बी.कॉम.चा तिला इथे खरा उपयोग होईल; थकबाकीचा तक्ता नीट वाचणारी माणसं विक्रीत कमीच.

थेट जाहिरातदारांची टीम मिळत असेल, तर पाठवा. वर्षभराने तिला एजन्सीच्या किंवा डिजिटलच्या टेबलावर बदली मागता येईल का, हेही मुलाखतीतच विचारू द्या.