इंजिन खोलण्याआधी पॉलिसी वाचा

तासगाव तालुक्यातील एका वाचकांच्या पत्राचा सारांश असा आहे. त्यांच्याकडे 2015 सालचा टाटा एस, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला छोटा हत्ती म्हणतात तो टेम्पो आहे. इंजिन ऑइल खाऊ लागले, धूर वाढला आणि पाच महिन्यांपूर्वी आतून ठोके ऐकू येऊ लागले, तेव्हा त्यांनी गाडी शेडमध्ये उभी केली. सांगलीतल्या गॅरेजने पूर्ण इंजिनकामाचे 85,000 रुपये सांगितले आहेत. वाचक स्वतः आयटीआयचे डिझेल मेकॅनिक असून काही वर्षे वर्कशॉपमध्ये काम केलेले आहेत. इंजिन घरीच उतरवून, बांधून, लोखंडी चौकटीवर चालवून पाहून मग गाडीत बसवले, तर 55,000 रुपयांत भागेल असा त्यांचा अंदाज आहे. हे पैसे मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली 2 लाखांची मुदत ठेव मोडून उभे करावेत, की पत्नीच्या पाटल्यांवर घेतलेले सोनेतारण कर्ज वाढवून, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

इंजिन बांधावे का, याचे उत्तर प्रथम देतो, कारण ते सोपे आहे. पैसे कुठून आणावेत, याकडे पुढे येतो. इंजिन जरूर बांधा. आपण लिहिता की गाडी चालू असताना खर्च वजा जाता वर्षाची सरासरी महिना 22,000 रुपये पडत असे आणि सध्या दुसऱ्याच्या गाडीवर आपल्याला 13,000 रुपये पगार मिळतो. म्हणजे खरा फायदा 22,000 चा नसून 9,000 चा आहे. आपला 55,000 चा अंदाज मात्र मला अपुरा वाटतो. त्यात डिझेल पंप आणि नोझलची तपासणी धरलेली नाही, रेडिएटरची सफाई नाही, ऑइल एकदाच धरले आहे आणि क्रॅंक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ग्राइंडिंगला गेला तर काय, याचा विचार नाही. 70,000 धरा. तरीही आठ महिन्यांत खर्च वसूल होतो. नव्या गाडीसाठी साडेचार लाखांचे कर्ज काढले, तर चार वर्षे महिना साडेअकरा-बारा हजारांचा हप्ता बसेल आणि तो आपल्या 9,000 च्या फायद्यापेक्षा जास्त आहे. द्राक्षांच्या हंगामात महिना 40,000 मिळतात, म्हणून वर्षाला पावणेपाच लाख मिळतील, हा आपल्या पत्रातला हिशेब कृपया सोडून द्यावा. जानेवारी ते एप्रिल ही क्रेट आणि बेदाण्याच्या पेट्यांची धावपळ बारा महिने चालत नाही, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

आता ज्या गोष्टीविषयी आपण विचारले नाही, तिच्याकडे वळतो. पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून गेला आहात की विम्याच्या हप्त्यासाठी 60,000 रुपये बाजूला ठेवले आहेत, हप्ता पुढच्या महिन्यात आहे आणि त्या रकमेला हात लावायचा नाही, कारण तो बँकेतल्या साहेबांनी करून दिलेला ‘हमीचा परतावा’ आहे. त्याच परिच्छेदात असेही आहे की मागचे दोन हप्ते भरण्यासाठीच पाटल्या गहाण पडल्या आणि आज त्यावर 1,20,000 रुपयांचे कर्ज उभे आहे. ही दोन वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली. आपले इंजिन आवाज करून दुखणे सांगते आहे. पॉलिसीचे दुखणे मात्र तीन वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही.

आपल्या पॉलिसीचा हिशेब असा की दरवर्षी 60,000 प्रमाणे दहा वर्षांत 6 लाख भरा आणि पंधराव्या वर्षाच्या अखेरीस 10 लाख घ्या. ऐकायला हे भरघोस वाटते. पण पहिला हप्ता पंधरा वर्षे अडकून राहतो आणि शेवटचा सहा वर्षे. सरासरी साडेदहा वर्षे पैसा गुंतला, तर 6 लाखांचे 10 लाख होणे म्हणजे वर्षाला जेमतेम 5 टक्के. त्याच बँकेत आपली मुदत ठेव 7 टक्क्यांनी आहे. आणि हप्त्यासाठी घेतलेल्या सोनेतारणाचा दर आपण शेकडा महिना एक रुपया, म्हणजे वर्षाला 12 टक्के, असा दिला आहे. 12 टक्क्यांनी पैसे आणून 5 टक्क्यांत घालणे हा व्यवहार कोणत्याही अंगाने बसत नाही. 1,20,000 वर दरसाल 14,400 रुपये व्याज जाते आणि पॉलिसीत त्याच रकमेवर साधारण 6,000 जमा होतात. 8,400 रुपयांची ही तूट आपले घर दरवर्षी सोसत आहे आणि त्यासाठी आपल्या पत्नीच्या पाटल्या तारण आहेत. वर्षाच्या मुदतीत रक्कम फेडली नाही वा नूतनीकरण केले नाही, तर त्या लिलावात जाऊ शकतात. ज्यांनी कष्टाने मिळवणाऱ्या माणसाला ही पॉलिसी ‘ठेवीसारखीच आहे’ असे सांगून दिली, त्यांचा मला राग येतो, आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

त्यात विमा म्हणून काय मिळाले, तेही पाहा. 60,000 च्या हप्त्यावर 6 लाखांचे संरक्षण. आपण 39 वर्षांचे आहात आणि घरात पत्नी व दोन मुले आहेत. आपण नसलात, तर 6 लाख घराला अडीच-तीन वर्षेही पुरणार नाहीत. 50 लाखांचा साधा मुदत विमा, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही, तो आपल्या वयाला निर्व्यसनी प्रकृतीवर वर्षाला 10,000 रुपयांच्या आसपास मिळतो.

म्हणून पुढचा हप्ता भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलतीची मुदत असते, तेव्हा विचाराला वेळ आहे. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा. पॉलिसी आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर हाती किती येतील, आणि हप्ते थांबवून ती पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती मिळतील. तीन हप्ते भरल्यावर भरलेल्या रकमेच्या किमान 35 टक्के, म्हणजे 1,80,000 वर 63,000 तरी मिळायला हवेत, आणि कंपनीचे विशेष सरेंडर मूल्य त्याहून अधिकही असू शकते. बारा वर्षे शिल्लक आहेत आणि 6 टक्क्यांनी पैसा बारा वर्षांत दुप्पट होतो. पेड-अपची रक्कम सरेंडरच्या दुपटीहून बरीच अधिक असेल, तर पॉलिसी तशीच पडून राहू द्या. दुपटीच्या आत असेल, तर पैसे काढून घ्या. आजवर भरलेले वाया जाईल, या दुःखापोटी आणखी सात हप्ते, म्हणजे 4,20,000 रुपये, त्यात घालू नका.

बँकेतल्या अधिकाऱ्यांनी साध्या कागदावर ‘6 लाख, 10 लाख’ असे लिहून दिले होते आणि पाचच वर्षे भरायचे आहेत असे तोंडी सांगितले होते, असे आपण म्हणता. तो कागद जपून ठेवा. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. रक्कम परत मिळेलच असे मी म्हणत नाही, पण तक्रार न करण्याचे काही कारणही नाही.

आता पैशांची मांडणी. मुदत ठेव मोडा, पण इंजिनासाठी नव्हे. तिच्यातून 1,20,000 भरून पाटल्या सोडवून आणा. 7 टक्के मिळणे थांबेल आणि 12 टक्के देणे थांबेल, त्यामुळे मुदतपूर्व मोडण्याचे दोनेक हजार गेले तरी ते वर्षभरात भरून निघतात. ठेवीचे 80,000 आणि हप्त्याचे 60,000 मिळून 1,40,000 उरतात. त्यातून इंजिनाचे 70,000, मुदत विम्याचे 10,000 आणि गाडीच्या विम्याचे 16,000 गेले, तरी चाळीस हजारांवर रक्कम हाताशी राहते. जो हप्ता आता भरायचा नाही, तो महिन्याला 5,000 पडतो. तेवढेच मुलीच्या नावाने आवर्ती ठेवीत टाकत गेलात, तर दोन वर्षांत 1,20,000 आणि वर व्याज जमते. सरेंडरचे काही आले, तर तेही तिच्याच ठेवीत जावे.

गाडीच्या विम्याचा उल्लेख मुद्दाम केला. गाडी उभी होती म्हणून तो संपू दिला, आणि इंजिन बसल्यावर मिरजेपर्यंत ‘एक चक्कर’ मारून पाहणार, पोलीस ओळखीचे आहेत, असे आपण लिहिले आहे. ही चक्कर मारू नका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 प्रमाणे तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा, विमा नसलेले वाहन रस्त्यावर आणता येत नाही. दंडाची रक्कम लहान आहे, पण त्या चकरेत कोणी दगावले, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई आपल्या जमिनीतून आणि घरातून वसूल होईल, आणि ती लाखांत असते. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसचे प्रमाणपत्र लागते, तेही तपासून घ्या. विमा घेतल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढू नये.

घरी काम करण्याला माझा विरोध नाही. ज्या जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, तिथे इंजिन समजणाऱ्या हातांवर मी शंका घेणार नाही. फक्त आधी खोलून मापे घ्या आणि मगच माल आणा. क्रॅंक किती घासला जातो हे कळण्याआधी बेअरिंगचा संच आणलात, तर तो परत होणार नाही. बोअरिंग आणि क्रॅंकचे काम कुपवाडच्या लेथवर, पंप-नोझलचे काम कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या. चौकटीवर पहिल्यांदा चालवताना डिझेल बंद ठेवून स्टार्टरने फिरवा, ऑइलचा दाब गेजवर दिसू द्या आणि मगच डिझेल सोडा. दाब न येता इंजिन चालले, तर नव्या बेअरिंगचे पैसे काही क्षणांत जातील. डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून बेफाम पळू लागले, तर डिझेल तोडूनही ते थांबत नाही. हवेचे तोंड झाकेल अशी जाड फळी हाताशी असू द्या. शेडची दारे उघडी ठेवा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. तासन् तास नुसते आयडलला ठेवू नका, त्याने लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहीत आणि ऑइल खाणे पुन्हा सुरू होते. पहिले ऑइल काहीशे किलोमीटरनंतर बदला, म्हणूनच मी ते दोनदा धरले आहे.

क्रम मात्र चुकवू नका. आधी मुदत विम्याचा अर्ज करा, आणि ती पॉलिसी हाती आल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा, म्हणजे मधल्या काळात घर उघड्यावर राहणार नाही. हप्ता आपल्या खात्यातून आपोआप वळता होतो, असे आपण लिहिले आहे. तेव्हा तो वळता होण्याच्या तारखेआधी शाखेत लेखी अर्ज देऊन थांबवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.