पालिताव घरी करताना पाण्यात विरघळतंय, काय चुकतंय?

मोदकाचं पीठ वापरलंत ना? तिथेच घोळ आहे. पालिताव हा फिलिपिन्समधला गोड पदार्थ, तो चिकट तांदळाच्या पिठाचा असतो, आपल्या आंबेमोहोर किंवा बासमतीच्या पिठाला तो चिवटपणा येतच नाही कारण त्यात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जास्त असतं आणि चिकट तांदळात ते जवळजवळ नसतंच. ग्लुटिनस राइस फ्लोअर म्हणून ऑनलाइन मिळतं (नावावर जाऊ नका, ग्लुटेन नसतं त्यात), नाहीतर आसामचा बोरा चाउल आणून भिजवून वाटायचा.

1 कप पिठाला साधारण अर्धा कप पाणी, पण एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत मळा, गोळा कानाच्या पाळीइतका मऊ लागला की बस. लिंबाएवढे गोळे करून तळहातावर चपटे करा, जिभेच्या आकाराचे, आणि उकळत्या पाण्यात एकेक सोडा. आधी तळाशी जातात, मग टुणकन वर येतात, तिथल्या तागालोग भाषेत लिताव म्हणजे वर येणं, नाव त्यावरूनच पडलंय. वर आले की अजून मिनिटभर ठेवून झाऱ्याने काढा, पाणी निथळू द्या आणि गरम असतानाच ओल्या खोबऱ्यात घोळवा. सुकं खोबरं अजिबात नको, चिकटत नाही नीट. वरून साखर आणि भाजून जाडसर कुटलेले तीळ, साखर मात्र खाताना घाला नाहीतर पाणी सुटतं.

फ्रीजमध्ये ठेवू नका, दगड होतात. मी एकदा ठेवले होते, शेवटी परत उकळून खाल्ले.