संगणक सल्ला : नव्या विंडोजवर हात कसा बसवावा?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. दुकानातील संगणकावर नुकतेच विंडोज १० च्या जागी विंडोज ११ आले. स्टार्टचे बटण मधोमध गेले, खालच्या पट्टीवरील उघड्या फायलींची नावे नाहीशी झाली आणि राइट क्लिक केल्यावर ओळखीचे पर्याय सापडत नाहीत. सगळे पूर्वीसारखे करून देणारे सॉफ्टवेअर टाकावे, की परत विंडोज १० वर जावे?

उत्तर : परत जाऊ नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि ज्या संगणकावर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या व बँकेचे व्यवहार होतात, तो सुरक्षेच्या अपडेटविना चालवणे धोक्याचे आहे.

आपल्या तक्रारींपैकी फायलींच्या नावांची तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांची एक्सेल पत्रके एकाच वेळी उघडी असली, तर नव्या मांडणीत दोन्ही एकाच हिरव्या चिन्हाखाली जातात. सौदे चालू असताना घाईत चुकीचे पत्रक पुढे आले, की एकाची तोलाई-हमाली दुसऱ्याच्या नावावर चढायला वेळ लागत नाही. २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा ही नावे दाखवण्याची सोयच काढून टाकली होती, जी माझ्या मते चूक होती; वापरकर्त्यांनी नाराजी व्यक्त केल्यावर २०२३ मध्ये ती परत आली. खालच्या पट्टीच्या, म्हणजे टास्कबारच्या, रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडावे, त्यात ‘टास्कबार बिहेविअर्स’ या भागात ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ समोर ‘नेव्हर’ निवडावे. प्रत्येक पत्रक पुन्हा आपल्या नावानिशी वेगळे दिसेल. हा पर्याय दिसत नसेल, तर विंडोज अपडेट राहिले आहे असे समजावे. स्टार्टचे बटणही याच ठिकाणी ‘टास्कबार अलाइनमेंट’मध्ये ‘लेफ्ट’ केले की डाव्या कोपऱ्यात जाते.

राइट क्लिकच्या यादीतील कट, कॉपी आणि नाव बदलणे हे पर्याय गेलेले नाहीत. ते यादीच्या वरच्या किंवा खालच्या कडेला लहान चिन्हांच्या ओळीत आहेत. जुनी सविस्तर यादी हवी असेल, तेव्हा शिफ्टचे बटण दाबून धरून राइट क्लिक करावे. मात्र इथे मी सवय बदलण्याचा आग्रह धरीन, कारण कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही आणि नाव बदलण्यासाठी एफ-२ ही बटणे दोन्ही विंडोजमध्ये सारखीच चालतात आणि ज्याचा हात त्यांवर बसला, त्याला यादीची मांडणी बदलली तरी अडत नाही. सोबत विंडोजचे बटण आणि व्ही दाबून पाहावे. पहिल्यांदा परवानगी दिली, की त्यानंतर कॉपी केलेल्या अनेक गोष्टींची यादी समोर येते, आणि एकाच शेतकऱ्याचे नाव, गाव व खाते क्रमांक वेगवेगळ्या रकान्यांत भरताना ती फार उपयोगी पडते.

जुने रूप आणून देणारी बाहेरची सॉफ्टवेअरे दुकानाच्या संगणकावर टाकू नयेत. ती विंडोजच्या अंतर्गत भागांत फेरफार करतात, त्यामुळे एखाद्या अपडेटनंतर टास्कबारच दिसेनासा होण्याचा संभव असतो, आणि तसे ऐन सौद्याच्या दिवशी झाले तर हिशेबपट्ट्या हाताने लिहिण्याची वेळ येईल.